ट्रान्सलेटर : अमेरिकेतील स्थानिक नभोवाणीचा नवा आधार आणि त्याच्या मर्यादा

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जॅस्पर या लहान शहरातल्या डब्ल्यूजेएलएक्स या नभोवाणी केंद्राने आपला सुमारे २०० फूट उंचीचा प्रक्षेपण-मनोरा चोरीस गेल्याचे जाहीर केले. हा मनोरा १२४० किलोहर्ट्झ या मध्यम लहरींवरील म्हणजे एएम प्रक्षेपणाचा होता. याच केंद्राचे कार्यक्रम १०१.५ मेगाहर्ट्झ या एफएम वाहिनीवरही ऐकू येत असत. तरीही एफसीसी अर्थात फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक संस्थेने मनोरा पुन्हा उभा राहीपर्यंत एफएम प्रक्षेपण सुरू ठेवण्यास परवानगी दिली नाही. कारण कायद्याच्या दृष्टीने ते स्वतंत्र केंद्र नव्हते, तर मूळ केंद्राचा ‘ट्रान्सलेटर’ होता. मूळ आवाज थांबल्यावर त्याचा पुनरुच्चार करणाऱ्यालाही थांबावे लागले.

अमेरिकेतील स्थानिक नभोवाणीचा गेल्या काही वर्षांतला प्रवास समजून घेण्यासाठी ही घटना पुरेशी बोलकी आहे.

ट्रान्सलेटर म्हणजे काय?

येथे ट्रान्सलेटर या शब्दाचा भाषांतराशी संबंध नाही. एका वाहिनीवरून आलेले प्रक्षेपण घेऊन, मजकुरात कोणताही बदल न करता, ते दुसऱ्या वाहिनीवरून पुन्हा प्रक्षेपित करणारे अल्पशक्तीचे यंत्र म्हणजे एफएम ट्रान्सलेटर होय. आपल्याकडील परिचित शब्द वापरायचा तर हे एक प्रकारचे सहक्षेपण केंद्र आहे. मूळ केंद्राच्याच वाहिनीवर काम करणाऱ्या यंत्रास ‘बूस्टर’ म्हणतात.

अमेरिकेत १९७० मध्ये या सेवेला मान्यता मिळाली. डोंगराआड किंवा दरीत वसलेल्या, मुख्य केंद्राचा आवाज न पोहोचणाऱ्या वस्त्यांची सोय करणे हा त्यामागील मूळ हेतू होता. ट्रान्सलेटरची परिणामी प्रक्षेपणशक्ती कमाल २५० वॅट असते. मोठ्या एफएम केंद्रांना मात्र १ लाख वॅटपर्यंत मुभा आहे. ट्रान्सलेटरची ओळख त्याच्या संकेतनामावरूनही पटते. ‘के’ किंवा ‘डब्ल्यू’ हे अक्षर, त्यानंतर वाहिनीचा तीन आकडी क्रमांक आणि शेवटी दोन अक्षरे अशी त्याची रचना असते. २०१ म्हणजे ८८.१ मेगाहर्ट्झ, तर २६८ म्हणजे १०१.५ मेगाहर्ट्झ.

ट्रान्सलेटरला स्वतःचे कार्यक्रम सादर करण्याचा अधिकार जवळजवळ नाही. आपत्तीची सूचना आणि आर्थिक साहाय्यासंबंधीचे तासाला ३० सेकंदांचे निवेदन, एवढाच काय तो अपवाद.

मध्यम लहरींची अडचण

दिवसा मध्यम लहरींचे प्रक्षेपण प्रामुख्याने जमिनीलगत प्रवास करते. सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या थरांतील बदलांमुळे त्याच लहरी आकाशातून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात आणि अन्य केंद्रांच्या प्रक्षेपणात व्यत्यय आणतात. त्यामुळे अनेक लहान एएम केंद्रांना रात्री आपली शक्ती अत्यंत कमी करावी लागते, तर काहींना प्रक्षेपण पूर्ण बंद ठेवावे लागते.

हिवाळ्यात सूर्य पाच वाजताच मावळतो, तेव्हा गावातील शाळेचा सायंकाळचा सामना, नगरपरिषदेची बैठक किंवा रात्रीच्या वादळाचा इशारा नेमका श्रोत्यांपर्यंत पोहोचत नाही. त्यातच विद्युत उपकरणांच्या खरखरीने एएमचा आवाज आणखी अस्पष्ट झाला आणि संगीतप्रेमी श्रोता एफएमकडे वळला. काही मोटार उत्पादकांनी विजेवर चालणाऱ्या गाड्यांतून एएम संच वगळण्यास सुरुवात केल्यावर, प्रत्येक वाहनात एएमची सोय सक्तीची करणारे विधेयक २०२३ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडण्यात आले.

नियमांतील बदल

या पार्श्वभूमीवर जून २००९ मध्ये एफसीसीने एएम केंद्रांना आपले कार्यक्रम एफएम ट्रान्सलेटरवरून सहक्षेपित करण्याची सर्वसाधारण परवानगी दिली. ट्रान्सलेटरचे क्षेत्र मूळ केंद्राच्या दिवसाच्या सेवाक्षेत्रात असावे आणि २५ मैलांच्या परिघाबाहेर जाऊ नये, अशी अट होती. केवळ दिवसा चालणाऱ्या केंद्रांना रात्रीही ट्रान्सलेटर सुरू ठेवता येऊ लागला. मात्र मूळ केंद्र मागील २४ तासांत कार्यरत असले पाहिजे, असे बंधन राहिले.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘एएम पुनरुज्जीवन’ या नावाने ओळखला जाणारा आदेश निघाला. त्यानुसार २०१६ मध्ये एएम केंद्रांना २५० मैलांपर्यंतच्या अंतरावरील ट्रान्सलेटर विकत घेऊन आपल्या गावी हलविण्याची संधी देण्यात आली. २०१७ आणि २०१८ मध्ये नव्या ट्रान्सलेटरसाठीही अर्ज मागविण्यात आले. या धोरणाचा सातत्याने पुरस्कार करणाऱ्यांमध्ये भारतीय वंशाचे अजित पै हे होते. ते २०१२ पासून आयोगाचे सदस्य आणि २०१७ ते २०२१ या काळात अध्यक्ष होते.

आज अमेरिकेत एएम केंद्रांची संख्या साडेचार हजारांहून कमी, तर ट्रान्सलेटर आणि बूस्टर यांची एकत्रित संख्या आठ हजारांहून अधिक आहे.

कार्यक्रमांचे स्वरूपही बदलले

अमेरिकेतील खासगी केंद्रे सहसा एकाच प्रकारच्या कार्यक्रमांना वाहिलेली असतात. ग्रामीण ढंगाचे कंट्री संगीत, जुनी लोकप्रिय गाणी, बातम्या व चर्चा, क्रीडा, धार्मिक किंवा स्पॅनिश भाषेतील कार्यक्रम अशा ठरावीक स्वरूपाला तेथे ‘फॉरमॅट’ म्हणतात. उत्पन्न घटले की फॉरमॅट बदलला जातो. काही वेळा बदलापूर्वी एकच गाणे दिवसभर वाजवून श्रोत्यांचे कुतूहल चाळविण्याचीही प्रथा आहे.

ट्रान्सलेटर मिळाल्यावर या बदलांना वेग आला. एएमच्या आवाजात संगीत रुचत नाही म्हणून दूरच्या शहरातून येणारे चर्चेचे कार्यक्रम घेणारी अनेक केंद्रे पुन्हा संगीताकडे वळली. जाहिरातींत ती आपली एफएम वाहिनीच ठळकपणे सांगू लागली. मूळ एएम वाहिनीचा उल्लेख नियमापुरता उरला.

मोठ्या शहरांत आणखी एक मार्ग रूढ झाला. एफसीसीने २००२ मध्ये मान्यता दिलेल्या एचडी रेडिओ या डिजिटल पद्धतीत एका एफएम केंद्राला मुख्य कार्यक्रमासोबत दुसरी, तिसरी उपवाहिनीही चालविता येते. अशा उपवाहिनीवर नवा फॉरमॅट सुरू करून तो ट्रान्सलेटरद्वारे साध्या रेडिओ संचांपर्यंत पोहोचविला जातो. कागदोपत्री हे केवळ सहक्षेपण असते. श्रोत्यांच्या दृष्टीने मात्र ते नवे केंद्रच ठरते. एका मालकाकडे किती केंद्रे असावीत याच्या मर्यादेत ट्रान्सलेटर धरले जात नाहीत, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

फॉरमॅट बदलताना श्रोत्यांचे मत विचारात घ्यावे का, हा वाद जुना आहे. न्यूयॉर्कमधील डब्ल्यूएनसीएन या अभिजात संगीताच्या केंद्राने १९७४ मध्ये रॉक संगीत स्वीकारले, तेव्हा श्रोत्यांनी संघटित होऊन विरोध केला आणि पुढील वर्षी अभिजात संगीत परतले. तथापि, १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फॉरमॅटचा प्रश्न बाजारपेठेवर सोपविण्याचे एफसीसीचे धोरण वैध ठरविले. डिसेंबर १९९३ मध्ये त्या केंद्राने अभिजात संगीत कायमचे सोडले.

दुय्यम सेवा

एवढे महत्त्व येऊनही कायद्याने ट्रान्सलेटरला ‘दुय्यम सेवा’ मानले आहे. पूर्ण शक्तीच्या केंद्राला व्यत्यय येत असल्यास ट्रान्सलेटरला तो दूर करावा लागतो; अन्यथा बंद व्हावे लागते. २०१९ मध्ये अशा तक्रारींसाठी श्रोत्यांची किमान संख्या ठरविण्यात आली आणि अडचणीतील ट्रान्सलेटरला अन्य मोकळ्या वाहिनीवर जाण्याची सवलत मिळाली. तथापि, त्याचा मूळ दर्जा बदलला नाही.

मोकळ्या वाहिन्यांसाठी स्पर्धाही तीव्र आहे. जानेवारी २००० मध्ये एफसीसीने १०० वॅटपर्यंतच्या, विनाव्यावसायिक अल्पशक्ती केंद्रांची सेवा निर्माण केली. शाळा, चर्च आणि स्थानिक संस्थांना स्वतःचा आवाज मिळावा हा तिचा उद्देश होता. परंतु २००३ मध्ये ट्रान्सलेटरसाठी सुमारे १३ हजार अर्ज आले. त्यांतील चार हजारांहून अधिक अर्ज परस्परसंलग्न अशा दोनच संस्थांचे होते. गावातील संस्थेला वाहिनी उरणार नाही, या चिंतेमुळे अर्जांची छाननी रोखावी लागली. जानेवारी २०११ मध्ये कायदा झालेल्या स्थानिक सामुदायिक नभोवाणी अधिनियमाने दोन्ही सेवांना समान दर्जा दिला आणि वाटप करताना स्थानिक समाजाची गरज पाहण्याचे बंधन घातले.

भारतातील चित्र

भारतात सहक्षेपण ही प्रामुख्याने सार्वजनिक सेवा राहिली आहे. २८ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी आकाशवाणीच्या प्रत्येकी १०० वॅटच्या ९१ एफएम प्रक्षेपकांचे उद्घाटन केले. १८ राज्ये आणि २ केंद्रशासित प्रदेशांतील ८४ जिल्ह्यांत ते बसविण्यात आले. तंत्र आणि हेतू या दोन्ही दृष्टींनी हे प्रक्षेपक ट्रान्सलेटरच्या मूळ कल्पनेच्या जवळचे आहेत. फरक इतकाच की, येथे मूळ केंद्र आणि सहक्षेपक एकाच सार्वजनिक संस्थेचे असल्याने स्वरूपबदलाचा निर्णय जाहिरातींच्या उत्पन्नावर अवलंबून नसतो. स्थानिक आवाजाचे दायित्व सामुदायिक रेडिओ केंद्रांकडेही आहे. त्यांच्या किमान निम्म्या कार्यक्रमांची निर्मिती स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावी, असे धोरण आहे.

ट्रान्सलेटरने अमेरिकेतील लहान केंद्रांना रात्रीचे श्रोते परत मिळवून दिले, ही त्याची मोठी कामगिरी होय. मात्र तो आवाज दूरवर नेऊ शकतो, आवाज निर्माण करू शकत नाही. गावात बातमी गोळा करणारा वार्ताहर आणि सूक्ष्मध्वनिक्षेपकापुढे बसणारा निवेदक नसेल, तर विस्तारलेल्या क्षेत्रात दूरच्याच शहराचा आवाज अधिक स्पष्ट ऐकू येईल.