रोमन नाण्याचें मोल

जालना जिल्ह्यांतील भोकरदन हें केळणा नदीच्या कांठचें गांव प्राचीन काळीं ‘भोगवर्धन’ या नांवानें ओळखलें जाई. सांचीच्या स्तूपास दान देणाऱ्या भाविकांत भोगवर्धनचे रहिवासी होते, हें तेथील शिलालेखांवरून सिद्ध होतें. 1973 मध्यें नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं डॉ. शां. भा. देव व गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखालीं येथें उत्खनन केलें. त्यांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति हातीं आली. इटलींतील पाँपेई नगरांत 1938 मध्यें मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशीं तिचें साम्य लक्षांत येण्याजोगें आहे. पाँपेई हें नगर इ. स. 79 मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. अर्थात् ती मूर्ति त्यापूर्वींच समुद्र ओलांडून गेली होती.

माल परदेशीं गेला, तेव्हां त्याचा मोबदलाही इकडे आला असला पाहिजे. पहिल्या शतकांतील एका अज्ञात ग्रीक लेखकाच्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथांत भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचें तेर, असल्याचें नमूद आहे. रोमची सोन्यारुप्याचीं नाणीं भडोच येथें स्थानिक नाण्यांशीं बदललीं असतां कांहीं नफा होतो, असेंही तो लेखक सांगतो. प्लिनी या रोमन ग्रंथकाराची तक्रार तर प्रसिद्धच आहे. भारत दरवर्षीं रोमचे पांच कोटी सेस्टर्स गिळतो, असें तो म्हणतो. चार सेस्टर्सांचा एक दिनारियस होई. त्या हिशेबानें ही रक्कम सव्वा कोटी दिनारियस भरते. संस्कृतांतील ‘दीनार’ हा शब्द याच नांवावरून आला आहे.

हा दिनारियस ओळखावा कसा? भारतांत मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिला ऑगस्टसचा. त्याच्या मागील बाजूस ढाली व भाले घेऊन उभे असलेले त्याचे नातू गायस व ल्यूशियस दिसतात. दुसरा टायबेरियसचा. हा सम्राट् इ. स. 14 ते 37 या काळांत राज्य करीत होता. नाण्याच्या दर्शनी बाजूस डोक्यावर पानांची माळ घातलेला त्याचा मुखवटा असतो, तर मागील बाजूस आसनावर बसलेली एक स्त्री असते. तिच्या एका हातांत लांब दंड व दुसऱ्या हातांत डहाळी असते. सभोंवार ‘पाँटिफ मॅक्सिम’ अशीं अक्षरें असतात. मुख्य धर्माधिकारी असा त्यांचा अर्थ. नाण्याचा आकार जुन्या चांदीच्या पावलीएवढा असून जाडी मात्र अधिक असते, आणि वजन सुमारें तोळ्याचा तिसरा हिस्सा भरतें.

अस्सल नाणें दोन ठशांमध्यें धरून हातोड्यानें ठोकलेलें असे. ओतून केलेल्या बनावट नाण्याच्या कडेस बहुधा सांध्याची रेघ दिसते, अंगावर बुडबुड्यांचीं बारीक भोंकें असतात आणि अक्षरांच्या कडा बोथट असतात. तथापि अक्षरें अशुद्ध आहेत एवढ्यावरून नाणें टाकून देऊं नये. रोमन नाण्यांच्या जुन्या काळींच झालेल्या देशी नकलाही आढळतात, आणि त्या इतिहासाचाच पुरावा होत.

तांब्याचीं लहान रोमन नाणीं ही वेगळी जात आहे. चौथ्या-पांचव्या शतकांतील अशीं नाणीं तमिळ प्रदेशांत व सिंहलद्वीपांत पुष्कळ मिळालीं आहेत. तीं झिजलेलीं असतात, युरोपांतही तीं विपुल सांपडतात, आणि म्हणून बाजारांत स्वस्त असतात.

मग अशा नाण्याचें मोल काय? त्या काळचें उत्तर मिळतें. बायबलांतील मत्तयाच्या शुभवर्तमानांत द्राक्षमळ्यांतील मजुराची दिवसाची मजुरी एक दिनारियस सांगितली आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण असा भाव धरून सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, असा चोख हिशेब कोरला आहे. नाण्यांची अदलाबदल या भूमींत किती सरावाची होती, याची ही साक्ष.

असें असूनही दक्षिण भारताच्या मानानें महाराष्ट्रांत रोमन नाणीं फारच थोडीं मिळालीं आहेत. आलेलें रुपें मुशींत वितळून त्याचीं स्थानिक नाणीं पाडलीं गेलीं, असें अनेक अभ्यासकांचें अनुमान आहे. 1906 मध्यें नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपान क्षत्रपाचीं तेरा हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं एकाच ठिकाणीं निघालीं. त्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हा उमटविला होता. एवढें रुपें आलें कोठून, या प्रश्नाशीं रोमच्या व्यापाराचा संबंध पोंचतो. दुसरीकडे तेर, नेवासें व कोंडापूर येथें टायबेरियसच्या नाण्यांवरून केलेलीं मातीचीं पदकें मिळालीं आहेत. खरें नाणें ज्यास परवडत नसे, तो त्याची मातीची प्रतिमा गळ्यांत घालून हौस भागवीत असावा.

जेथें पुरावा इतका विरळ, तेथें एकेका नाण्याचें मोल त्याच्या धातूनें ठरत नाहीं. सराफाच्या तराजूंत टायबेरियसचा दिनारियस म्हणजे तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याची चांदी, आणि झिजलेलें तांब्याचें नाणें म्हणजे मोडच. परंतु तें कोणत्या शेतांत, किती खोलीवर, कोणत्या खापरांच्या वा मण्यांच्या सोबतीनें निघालें हें ठाऊक असेल, तर तेंच नाणें भोगवर्धनच्या व्यापाराचा एक दिवस सांगूं शकतें. हें ठिकाण एकदां विसरलें गेलें कीं, जगांतील कोणताही तज्ज्ञ तें परत आणूं शकत नाहीं. चिंच व राख लावून घासलेल्या नाण्याचीं अक्षरें जातात, सोनाराच्या मुशींत गेलेल्या नाण्याचें सर्वस्वच जातें.

यास्तव पहिल्या पावसानंतर शेतांत वा पांढरीच्या टेकाडावर असें नाणें दिसल्यास तें न घासतां कागदांत गुंडाळावें, त्यावर गांवाचें व शेताचें नांव आणि तारीख लिहावी, सोबतचीं खापरेंही जपावीं. 1878 च्या निधिविषयक कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि जमिनींत सांपडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणें बंधनकारक आहे. वर्दी देणाऱ्याच्या हातून थोडीशी चांदी कदाचित् जाईल. पण त्या कागदावर लिहिलेली एक ओळ इतिहासास मिळेल, आणि रोमन नाण्याचें खरें मोल त्या ओळींतच आहे.