एक बाजू, एक पिन

आमच्या वाशीमच्या घरी चावीचा फोनो होता. चावी भरायची, तबकडी लावायची, तीन-साडेतीन मिनिटं ऐकायचं. मग तबकडी उलटायची आणि पिनही बदलायची. एक बाजू, एक पिन, हा वडिलांचा नियम. मला ती उधळपट्टी वाटे. ते बाजाराला गेले की मी एकाच पिनेवर अख्खी दुपार काढत असे.

या नियमाचं मूळ मला फार उशिरा कळलं. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात गोहरजानचं गाणं मुद्रित करत होता. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना गायिका ओळखता यावी म्हणून ती गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगे, असं म्हणतात. १९०८ साली कलकत्त्यातच, सियालदहला, कारखाना निघाला. तबकडीतली लाख मात्र पहिल्यापासून आपलीच, पळस-कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांची. म्हणूनच वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तबकड्या माळ्यावर ठेवायची सोय नसे; उष्णतेने त्या वाकत.

या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. ती पोलादी पिनेला घासून खाचेच्या मापाची करी. म्हणजे झिजायचं ते पिनेनं. पण अशी झिजून धारदार झालेली पिन पुन्हा लावली की ती खाचच खरवडते, आणि वर साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमहून अधिक!

वडिलांची जिवापाड जपलेली तबकडी होती अब्दुल करीम खाँसाहेबांची, झिंझोटीतली ठुमरी. खाँसाहेब १९३७ साली गेले. तास तास रंगणाऱ्या या गवयाने तीन मिनिटांत घाई कुठेच जाणवू दिली नाही. माझ्या मते पुढच्या लाँगप्ले तबकड्यांनी वेळ दिला, पण हा नेमकेपणा क्वचितच दिला. माझ्या त्या दुपारी सर्वांत जास्त वाजली ती हीच तबकडी.

निवृत्तीनंतर मी हौसेने टर्नटेबल, अॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर घेतले. वडील तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. पहिल्या संध्याकाळी तीच तबकडी लावली. फोनोच्या कर्ण्यात बारीक खरखर बरीचशी दबून जायची. इथे ती खोलीभर झाली. यंत्र जितकं चांगलं, तितकी माझी करणी स्पष्ट ऐकू येत होती. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी कानावर हात ठेवला, मग काढला.

नंतर एका जाणकाराने चूक सांगितली. लाँगप्लेची सुई बारीक. ती जुन्या तबकडीच्या रुंद खाचेत तळाशी जाते आणि तिथला सगळा कचरा वाजवते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला जवळपास तिप्पट रुंद सुई लागते. ती खाचेच्या भिंतीवर वर टेकते, आणि तिथे जुन्या पिनेने न खरवडलेला भाग शिल्लक असू शकतो.

तशी सुई मागवून बसवली. खरखर गेली नाही, पण तिच्या पुढे येऊन खाँसाहेब गाऊ लागले. मधल्या एका तानेपाशी मात्र आवाज अजून फाटतो. ती जागा आली तेव्हा मी खाली बघत होतो.

"पिन बदलली काय रे?" वडिलांनी विचारलं.

"हो बाबा," मी म्हणालो, "बदलली."