विंडो (व्युत्पत्ती)

‘खिडकी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द. मूळ प्राचीन नॉर्स भाषेतील ‘विंदाउगा’ हा समास : ‘विंद्र’ म्हणजे वारा, ‘आउगा’ म्हणजे डोळा. खिडकीला काच नसे त्या काळातले हे नेमके आणि सुंदर नाव. इंग्लंडमध्ये वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांमुळे ते इंग्रजीत आले; तेराव्या शतकाच्या आरंभापासून लिखाणात आढळते. ‘डोळा-भोक’ अशा अर्थाचा जुना इंग्रजी शब्द त्यापुढे मागे पडला. जर्मनने मात्र लॅटिन ‘फेनेस्त्रा’वरून ‘फेन्स्टर’ घेतला. उच्चार झिजल्याने ‘विंडो’तला डोळा आता ओळखू येत नाही. संस्कृत ‘वात’ व ‘अक्षि’ हे नॉर्स घटकांचे दूरचे सगोत्र मानले जातात. ‘वातायन’मध्ये वारा, ‘गवाक्ष’मध्ये डोळा आहे, मराठीत हे दोन्ही शब्द खिडकीसाठीच वापरले जातात.