मुंबईचीं पहिलीं आंग्ल नाणीं

टांकसाळींतून निघालेला प्रत्येक शिक्का नाणें ठरतोच असें नाहीं. व्यापाऱ्यानें, शेतकऱ्यानें तो निःशंकपणें घेतला तरच तें नाणें. एरवीं तो केवळ नमुना. कौटिल्यानें नाणीं पाडविणारा लक्षणाध्यक्ष आणि त्यांची पारख करणारा रूपदर्शक असे दोन अधिकारी निरनिराळे सांगितले आहेत, त्यांतील मर्म हेंच असावें.

गव्हर्नर जेराल्ड आंजिअर याच्या अमदानींत १६७२ सालीं मुंबईस इंग्रजांनीं नाणीं पाडण्यास आरंभ केला. रुप्याचें तें आंग्लिना, तांब्याचें कॉपरून, कथलाचें टिनी. परंतु मुंबई बेट लहान. आम्ही राहतों तो मीरा-भाईंदरचा प्रदेश साष्टी बेटाच्या उत्तर टोंकास असून त्या वेळीं पोर्तुगीजांकडे होता. १७३७-३९ च्या मोहिमेंत तो मराठ्यांनीं घेतला. म्हणजे माहीमची खाडी ओलांडली कीं इंग्रजांचा हुकूम संपे, आणि नाण्यास स्वतःच्या कसावरच पुढें जावें लागे.

१६७४ च्या जूनमध्यें राज्याभिषेकप्रसंगीं हेन्री ऑक्झिंडेन तहाचीं कलमें घेऊन रायगडीं आला. इंग्रजांचें नाणें स्वराज्यांत चालावें, हें त्यांतील एक. शिवछत्रपतींचें उत्तर मार्मिक होतें. प्रजेवर कोणतेंही नाणें लादणें त्यांस योग्य वाटलें नाहीं. मात्र वजनानें व कसानें तें मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्यांच्या तोडीचें असेल, तर त्यास मनाईही नव्हती. लक्षणाध्यक्षाच्या मागणीस रूपदर्शकानें द्यावें तसेंच हें उत्तर होय.

पुढें १६७६ सालीं दुसऱ्या चार्ल्स राजानें कंपनीस रुपये, पैसे व बुजरूक पाडण्याची सनद दिली, आणि १६७७ च्या रुपयावर त्याच्या अधिकाराचा निर्देशही आला. तथापि लंडनच्या सनदेनें हिंदुस्थानांतील पेठ हातीं येत नाहीं. १७१७ सालीं फर्रुखसियर बादशहाची परवानगी मिळाल्यावर कंपनी मुंबईंत मोगली धर्तीचे रुपये पाडूं लागली. राजाचें नांव मागें पडलें, बादशहाचें चाललें.

अमेरिकेंतही याच जातीचें उदाहरण आहे. १७९२ सालीं फिलाडेल्फियास लहान आकाराच्या तांब्याच्या सेंटांत रुप्याची खुंटी बसवून त्याचें मोल भरून काढण्याचा प्रयत्न झाला. तो नमुनाच राहिला. १७९३ सालीं केवळ तांब्याचे मोठे सेंट चलनांत आले. आज तोच नमुना संग्राहकांस परम प्रिय आहे. चलनांत जें टिकलें नाहीं, तें संग्रहांत अमोल व्हावें, हा कालाचा विनोदच म्हणावयाचा!

संग्राहकांविषयीं आम्हांस आदर आहे. गोव्यांत जन्मलेले, मुंबईंत वैद्यकी करणारे डॉ. जेर्सन द कुन्हा (१८४४-१९००) यांनीं नाणीं जमविलींच. शिवाय १८७६ सालीं चौल-वसईचा इतिहास लिहिला व पोर्तुगीज नाण्यांचें विवेचनही केलें. संग्रहास त्यांनीं लेखणीची जोड दिली. हल्लीं नाण्याची किंमत पुष्कळांस ठाऊक असते. तें कोणत्या गांवीं, कशाच्या सोबत सांपडलें, हें मात्र कोणी लिहून ठेवीत नाहीं. माहीमच्या खाडीपलीकडे इंग्रजांचें नाणें कोठपर्यंत चाललें, याचा निर्णय सनदांवरून होणार नाहीं. तो सांपडलेल्या नाण्यांच्या स्थळांवरूनच होईल. साष्टी-वसईच्या भूमींत एखादें जुनें तांबें हातीं आल्यास वाचकांनीं तें घासण्यापूर्वीं, विकण्यापूर्वीं, त्याचें स्थळ टिपून ठेवावें, एवढीच आमची विनंती आहे.