नाव आधी की क्रियापद आधी?

आमच्या टीममधले एक सिनियर अजूनही "सर्व्हिस एचटीटीपीडी रीस्टार्ट" असंच टाइप करतात. मी नोकरीला लागलो तोवर लिनक्सवर बहुतेक सगळीकडे "सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एचटीटीपीडी" आलं होतं. क्रम एकदम उलटा! जुना क्रम आपल्या मराठीसारखा, क्रियापद शेवटी. पण मंडळी, हा नुसता क्रमाचा प्रश्न नव्हता.

युनिक्स सिस्टिम फाइव्हच्या वळणाने जाणाऱ्या लिनक्समध्ये प्रत्येक सर्व्हिसची एक शेल स्क्रिप्ट 'इनिट.डी' फोल्डरमध्ये असायची. तिचा पूर्ण पाथ टाइप करायला नको म्हणून 'सर्व्हिस' हा शॉर्टकट. तोही एक छोटी शेल स्क्रिप्टच! पण त्याचा खरा फायदा वेगळाच होता. इनिट.डीतली स्क्रिप्ट थेट हाताने चालवली, की तुमच्या शेलमधली सगळी व्हेरिएबल्स त्या सर्व्हिसला चिकटायची. मग दुपारी छान चालणारी सर्व्हिस रात्री मशीन रीबूट झाल्यावर उठायचीच नाही. 'सर्व्हिस' कमांड मोजकी व्हेरिएबल्स सोडून बाकी पुसून टाकायची आणि रूट डिरेक्टरीतून स्क्रिप्ट चालवायची.

पुढचा शब्द ती जसाच्या तसा स्क्रिप्टला द्यायची. म्हणजे कुठली क्रियापदं चालणार हे ठरवणार स्क्रिप्ट लिहिणारा. अपाचीच्या स्क्रिप्टला 'कॉन्फिगटेस्ट' कळायचं, पोस्टग्रेसच्या स्क्रिप्टला 'इनिटडीबी'.

२०१० मध्ये लेनार्ट पोटरिंगने सिस्टिमडी जाहीर केलं, २०११ मध्ये फेडोरा १५ ने ते घेतलं. आता क्रियापदं एकाच प्रोग्रॅमच्या मालकीची, म्हणून ती आधी, आणि मागे हवी तेवढी नावं. सोय झाली, पण 'इनिटडीबी'सारख्यांना जागा उरली नाही, त्यांच्यासाठी वेगळ्या कमांडी आल्या. भांडणंही काय झाली म्हणता! फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या टेक्निकल कमिटीत मतं समसमान पडली, शेवटी अध्यक्ष बडेल गार्बींच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आलं. मला विचाराल तर बरंच झालं. प्रत्येक स्क्रिप्टची तऱ्हा वेगळी, ती कोण लक्षात ठेवणार?

असो. क्रम परत मराठी करायचा, तर बॅशमध्ये एलियस कामाचा नाही, त्याला आर्ग्युमेंटं मधे घालता येत नाहीत. बिल जॉयच्या जुन्या सी शेलमधल्या एलियसला ते जमायचं. बॅशमध्ये दोन-तीन ओळींचं फंक्शन लिहावं लागतं. आमच्या सिनियरना त्याचीही गरज नाही. त्यांच्या सर्व्हरवर 'सर्व्हिस' कमांड अजून आहे. ती शब्द उलटे करून सिस्टिमसीटीएलकडे पाठवते.