जीपचे मूळ रूप

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असा आपल्याकडे शहाण्यांचा इशारा आहे. आम्ही नाशिककर मात्र या इशाऱ्याच्या पूर्वार्धास फारसे जुमानीत नाही. कारण गोदावरीचे मूळ आमच्या घरापासून आठ-दहा कोसांवर ब्रह्मगिरीवर आहे आणि वाटेल तेव्हा जाऊन ते पाहून येता येते. परंतु एखाद्या मोटारगाडीचे मूळ शोधण्याचा प्रसंग इतिहासाच्या अध्यापकावर यावा, हे थोडे चमत्कारिकच. तो प्रसंग मजवर आला तो असा.

निफाड तालुक्यातील माझे एक जुने विद्यार्थी आपल्या धाकट्या बंधूंस घेऊन एके दिवशी सकाळी घरी आले. त्यांचे वडील नुकतेच वारले होते. मागे द्राक्षाची बाग, थोडे देणे आणि 1971 सालची एक जीप एवढी मिळकत राहिली. बागेची आणि देण्याची वाटणी बिनतक्रार झाली. जीपवरून मात्र दोघां भावांत अबोला धरण्याची वेळ आली होती. थोरल्याचे म्हणणे असे की, गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती तशी पुन्हा करावी. एक खिळाही नवा असू नये. धाकट्याच्या मनात तिला रुंद टायर, पॉवर स्टिअरिंग, नवी आसने आणि कपाळावर दिव्यांची रांग बसवावयाची होती.

"सर, अण्णांची गाडी आहे. तिचे खेळणे करू नये, एवढेच माझे म्हणणे," थोरले म्हणाले.

"दादा तिला शेडमध्ये उभी करून दसऱ्याला हार घालणार," धाकट्याने उत्तर दिले. "अण्णांनी ती चालवायला घेतली होती. मी ती चालवणार."

मी सहज विचारले, "तुमच्या अण्णांनी स्वतः तिच्यात काही फेरफार केले होते काय?" त्यावर दोघे एकमेकांकडे पाहू लागले. मग हळूहळू यादी निघाली. पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून अण्णांनी मूळचे इंजिन काढून डिझेलचे बसविले होते. खुडणीच्या मजुरांसाठी मागची बाके लांबविली होती. आणि म्हाताऱ्या आजीला चढता येईना म्हणून मागल्या बाजूस एक लोखंडी पायरी वेल्डिंग करून घेतली होती. "मग मूळ रूप आणावयाचे तर ती पायरी कापावी लागेल," मी म्हणालो. थोरले गप्प झाले. प्रस्तुत लेखाचा आरंभ त्या गप्प होण्यात आहे.

मोटारगाडीत फेरफार करावा की ती कारखान्याने दिली तशीच ठेवावी, हा प्रश्न वरवर पाहता हौशी तरुणांचा वाटतो. परंतु त्याच्या पोटात इतिहासाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे: वस्तूचे 'मूळ' रूप म्हणजे कोणत्या दिवशीचे रूप? जीपपुरते बोलावयाचे तर या प्रश्नाचे उत्तर देणे भलतेच कठीण आहे. कारण ही गाडी जन्मापासूनच फेरफारांची बनलेली आहे.

1940 साली अमेरिकन सैन्याला टेहळणीसाठी एक हलकी, चारही चाकांना गती असलेली गाडी हवी होती. मागणी अनेक कारखान्यांकडे गेली. परंतु ठरलेल्या थोडक्या मुदतीत पहिला नमुना तयार करून दिला तो बॅण्टम नावाच्या एका लहानशा कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आखलेली ती गाडी 23 सप्टेंबर 1940 रोजी सैन्याच्या हवाली झाली. सैन्याने तिचे आराखडे विलीज आणि फोर्ड या दोन मोठ्या कारखान्यांस दाखविले. विलीजपाशी बार्नी रूस यांनी सुधारलेले साठ अश्वशक्तीचे दमदार इंजिन होते. पण ते जड होते, म्हणून गाडीचे बाकीचे वजन छाटावे लागले. विलीजच्या पहिल्या गाड्यांची समोरची जाळी लोखंडी पट्ट्या जोडून केलेली असे. फोर्डने पत्र्यावर एकाच ठशाने नऊ खाचा पाडलेली जाळी काढली. ती स्वस्त आणि हलकी पडते असे पाहून विलीजनेही तीच उचलली. म्हणजे जीपचा जो चेहरा जगाच्या ओळखीचा झाला, तो विलीजचा नव्हे, फोर्डचा! युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. ज्या बॅण्टमने पहिला नमुना दिला तिच्या वाट्याला पुढे गाडीमागे ओढावयाचे ट्रेलर बनविण्याचे काम आले. शांततेच्या काळात शेतकऱ्यांसाठी जी जीप निघाली तिच्या जाळीला सात खाचा होत्या. आता यांतील मूळ जीप कोणती म्हणावी?

हिंदुस्थानातील शाखा पाहिली तरी तीच कथा. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम महंमद यांच्या भागीदारीत 2 ऑक्टोबर 1945 रोजी पोलादाच्या व्यापारासाठी पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले. तेथे ते पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 साली पेढीचे नाव बदलून महिंद्र आणि महिंद्र असे झाले. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास या कंपनीने विलीजच्या जीपचे सुटे भाग आणवून मुंबईत त्यांची जोडणी सुरू केली. 1953 साली विलीजने अधिक उंचीचे नवे इंजिन बसवावयाचे ठरविले, तेव्हा ते जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून बॉनेटच उंच केले. आपल्याकडे कित्येक वर्षे जी उंच कपाळाची जीप कलेक्टरांच्या दौऱ्यांत, पाटबंधाऱ्यांच्या कामांवर आणि लग्नाच्या वरातींत दिसे, ती हीच. जिला आपण जीपचे अस्सल रूप म्हणून मनात जपतो, ते रूपसुद्धा इंजिन मावेना म्हणून केलेली एक तडजोड होती.

पुढे याच गाडीवर सैन्याने तोफ चढविली. 10 सप्टेंबर 1965 रोजी असल उत्तरच्या लढाईत अब्दुल हमीद यांनी शत्रूचे रणगाडे फोडले ते जीपवर बसविलेल्या तोफेने. त्या दिवशी ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. 1973 सालानंतर तेलाचे भाव भडकले, तेव्हा पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिने आली; काही ट्रॅक्टरच्या जातीची, काही फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या परवान्याने बनलेली. आमच्या नाशिकच्या सातपूर भागातील कारखान्यातून याच वंशातील बोलेरो 2000 साली आणि स्कॉर्पिओ 2002 साली बाहेर पडली. 2010 साली थार आली, तिने तर जुन्या जीपचाच तोंडवळा पुन्हा धारण केला. त्र्यंबकेश्वराच्या रस्त्यावर काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोंबून बसलेल्या प्रवाशांनी गाडीचे आणखी एक रूप पाहिले, जे कोणत्याही अभियंत्याने कागदावर कधीच काढले नसेल.

तेव्हा फेरफार हा जीपच्या इतिहासाला लागलेला डाग नव्हे. तो इतिहासच आहे. खेड्यात तर हे कोणी शिकविण्याचे कारणच नव्हते. बैलगाडीची लोखंडी धाव जाऊन तिला रबरी टायर आले, तेव्हा तिच्या अस्सलपणाविषयी कोणी परिसंवाद भरविला नाही. बैलांच्या मानेवरचा भार हलका झाला, एवढे पुरे होते.

परंतु येथेच थांबलो तर धाकट्या बंधूंचा पक्ष फार सहज जिंकेल, आणि तसे होणे न्यायाचे नाही. थोरल्यांच्या बाजूसही मोठमोठी माणसे उभी आहेत. आपल्याच गोदावरीच्या काठी, पैठणास, एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांच्या नकलाकारांनी आपल्या पदरच्या ओव्या तीत घुसडल्या होत्या. त्या नाथांनी काढून टाकल्या आणि यापुढे कोणी या ग्रंथात स्वतःची भर घालू नये, असे बजावून ठेवले. नाथांना काव्य येत नव्हते असे नव्हे. त्यांचे स्वतःचे भागवत केवढे! पण स्वतः लिहावयाचे ते निराळ्या ग्रंथात लिहावे, दुसऱ्याच्या ग्रंथात मिसळू नये, हा विवेक त्यांच्यापाशी होता. यात एक गंमत मात्र आहे. ज्या ज्ञानेश्वरीचे मूळ त्यांनी राखले, ती स्वतः गीतेवरील टीका. गीता ज्ञानदेवांच्या हातून जशीच्या तशी राहिली असती, तर मराठीला ज्ञानेश्वरी मिळती ना.

युरोपात हाच वाद एकोणिसाव्या शतकात इमारतींवरून पेटला. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्युक यांनी मोडकळीस आलेली गढ्या-मंदिरे नुसती सावरली नाहीत. मध्ययुगीन शिल्प्याने जे करावयास हवे होते असे त्यांना वाटले, तेही पुरे करून टाकले. इंग्लंडात रस्किन यांनी 1849 सालीच असल्या जीर्णोद्धारास असत्य ठरविले होते. त्यांच्याच विचाराने भारून विल्यम मॉरिस यांनी 1877 साली प्राचीन इमारतींच्या रक्षणार्थ एक संस्था काढली. तिचे मत असे की, इमारतीची डागडुजी करावी. परंतु तिच्या अंगावरील निरनिराळ्या काळांच्या खुणा पुसून तिला बनावट तारुण्य आणू नये. पुढे काळाने या वादावर एक विलक्षण भाष्य केले. पॅरिसच्या नोत्रदाम मंदिराचे 1859 साली उभे राहिलेले शिखर व्हिओले-ल-द्युक यांच्या कल्पनेचे होते. 15 एप्रिल 2019 रोजी ते आगीत कोसळले. नवे शिखर आजच्या धर्तीचे करावे काय, अशी चर्चा झाली. परंतु 2020 साली ठरले ते असे की, शिखर जळण्यापूर्वी होते तसेच व्हावे. डिसेंबर 2024 मध्ये मंदिर पुन्हा उघडले तेव्हा एकोणिसाव्या शतकातील तो फेरफार 'मूळ' म्हणून आकाशात परत उभा होता. दीडशे वर्षे लोकांनी मान वर करून ज्याच्याकडे पाहिले, ते मूळ झाले.

या सगळ्यात आपले सरकार काय म्हणते, तेही पाहिले पाहिजे. कारण गाडी ही केवळ मालकाची नसते, ती रस्त्यावर उतरताच सर्वांची होते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमात 2000 साली दुरुस्ती होऊन, नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराने मुळात दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार करण्यास मालकाला मनाई झाली. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारास प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. मात्र कायद्याने दोन दारे उघडी ठेविली आहेत: गाडी निराळ्या इंधनावर चालविण्यासाठी रीतसर केलेला बदल, आणि अपंग माणसाला चालविता यावी म्हणून केलेला बदल. या दोन अपवादांत मला कायद्याचे शहाणपण दिसते. गरजेला त्याने वाट दिली आहे, दिमाखाला दिलेली नाही.

दुसरीकडे, जुलै 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नवे नियम आले. ज्या खाजगी गाडीची चासी, सांगाडा आणि इंजिन मूळ स्वरूपात आहेत, तिला 'व्हीए' अक्षरांची निराळी नोंदणी मिळते. थोरल्या बंधूंच्या मनात हाच मान होता. पण त्या मानाची अट अशी की, अशी गाडी नित्याच्या कामास वापरावयाची नाही. प्रदर्शनास, जुन्या गाड्यांच्या रॅलीस, इंधन भरण्यास किंवा दुरुस्तीस तेवढी न्यावयाची. म्हणजे जी वस्तू मूळ स्वरूपात राहिली तिला आदर मिळतो, काम मिळत नाही; आणि जिने काम केले ती मूळ स्वरूपात राहत नाही. अण्णांच्या जीपने पन्नास वर्षे काम केले होते. इंजिन बदललेली ती गाडी या मानास पात्र ठरणे कठीणच होते. पण त्यात तिचा कमीपणा काय?

मी त्या दोघांना जे सांगितले ते येथे थोडक्यात देतो. कारखान्याने केलेली गाडी ही एका दिवसाची साक्ष आहे. अण्णांनी वापरलेली गाडी पन्नास वर्षांची. इतिहासाला दोन्ही साक्षी प्रिय आहेत. परंतु एकीसाठी दुसरी खोडावी, हे त्याला मान्य नाही. जो फेरफार आजवर कोणाच्या तरी गरजेतून झाला आणि कामास आला, तो आता गाडीचाच भाग आहे; तो काढणे म्हणजे अण्णांच्याच हाताची खूण पुसणे. नवा फेरफार करावयाचा तर तो कायद्यात बसणारा असावा, उद्या परत काढता येईल असा असावा, आणि काय केले, का केले, केव्हा केले, हे वहीत लिहून ठेवावे. नकलाकारांनी एवढे जरी केले असते तर नाथांचे श्रम अर्धे वाचले असते. आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपविणारे दिवे हा कोणाच्याही इतिहासाचा भाग होऊ नये.

धाकटे बंधू दिव्यांच्या रांगेवरून थोडे हिरमुसले. थोरल्यांनी विचारले, "आणि ती पायरी, सर?"

मी म्हणालो, "त्याचा निकाल मी देणे बरे नव्हे. तुमच्या आईंना विचारा."

दिवाळीनंतर ते दोघे पुन्हा आले, ते त्याच जीपमधून. पाटे आणि ब्रेक दुरुस्त झाले होते, रंग जुनाच होता, दिवे दोनच होते. मागच्या आसनावर त्यांच्या मातोश्री बसल्या होत्या. आता त्यांचेही गुडघे दुखू लागले आहेत. धाकट्याने खाली उतरून हात पुढे केला, आणि त्या त्याच पायरीवरून सावकाश उतरल्या.