घाटातला मुक्काम

मे महिना संपत आला, आंब्याच्या शेवटच्या पेट्या पोचल्या आणि चुलतभावाची पिकअप मोकळी झाली. आम्ही तिघांनी हौद्यावर ताडपत्री बांधली, आत गाद्या, स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन टाकला आणि वालावलहून आंबोलीला निघालो. आजी खळ्यात बसून हे सगळं बघत होती.

"गाडयेत निजाक आंबोलीक कित्याक जातास? माझो आजो पण गाडयेखाली निजायचो, पण तो पोटासाठी."

तिचा आजा बैलगाडीत नारळ आणि मीठ भरून घाट चढायचा, बेळगावच्या बाजारात विकायचा आणि येताना धान्य आणायचा. लहानपणी ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. पण त्याला त्या घाटातून का जावं लागायचं, हा प्रश्न मला त्या रात्री पहिल्यांदा पडला. साधारण ६९० मीटर उंचीवर, ओळखीच्यांच्या अंगणात पिकअप लावून आम्ही आडवे झालो होतो.

उत्तर वेंगुर्ल्यात आहे. सतराव्या शतकात तिथे डचांची वखार होती. १८१२ मध्ये ते बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं. १८१८ मध्ये बेळगावचा किल्लाही त्यांनी घेतला आणि तिथे मोठी छावणी वसवली. आता खाली बंदर, वर फौज आणि मध्ये सह्याद्री. आधी वाहतूक रामघाटातून चाले, पण तो फार उभा होता. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीवरून गाड्यांसाठी नवा रस्ता काढला. वळणं वाढवली की अंतर वाढतं, पण चढ बैलांना झेपतो. तोच आजचा आंबोली घाट.

मग १८८०च्या दशकाच्या शेवटी मुरगाव बंदरातून रेल्वे थेट घाटावर पोचली. बेळगावचा मोठा व्यापार तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याची रया गेली. छोटे गाडीवान मात्र राहिले. वालावलच्या माडांचे नारळ काही मुरगावला जाऊन आगगाडीत बसणार नव्हते. आजीचा आजा त्या उरलेल्यांपैकी एक.

या रस्त्याच्या इतिहासात फौज सापडते, बंदर सापडतं, मालाचे आकडे सापडतात. गाडीवान रात्री कुठे थांबत, ते नाही सापडत. आम्ही जागा निवडली ती सकाळी दरी दिसावी म्हणून. त्याने कशी निवडली असेल?

परत आल्यावर आजीला तेच विचारलं आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. ती म्हणाली, जिथे बैलांना पाणी, तिथे मुक्काम. घाटाखाली चार-पाच गाड्या एकत्र थांबत. पहाटे एकाच्या गाडीला दुसऱ्याची बैलजोडी जादा जुंपून एकेक गाडी वर काढत. त्यामुळे एकटा माणूस कधी निघतच नसे. भांडण असलं तरी सोबत जावं लागे.

मी पुण्यात नोकरी करतो. त्याच घाटाने किती वेळा रात्रीच्या बसमधून झोपेत वर गेलोय, मोजलेलं नाही. आजीचं रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं आहे. शेवटी तिने विचारलं, "पुढच्या खेपेक माकाय न्हेशात?"

हौद्यात तिला चढवायचं कसं, एवढंच आता ठरवायचंय.